पेवातली बाटली

फकरुद्दीन आबदारानं साठ वर्षांच्या आयुष्यात दारूचा एक थेंब जिभेला लावला नव्हता, आणि तरी सोलापूरपासून हैद्राबादपर्यंतच्या सडकेवर त्याच्याइतकी दारू कळणारा माणूस शोधून सापडला नसता. आबदार म्हणजे पाण्याच्या सुरईपासून विलायती बाटलीपर्यंत घरात जे जे प्यायलं जातं, ते सगळं ज्याच्या ताब्यात तो माणूस. हैद्राबादेत महारुद्रराव सरकारांच्या देवडीत, त्यांच्या जहागीरदारी वाड्यात, त्यानं बावीस वर्षं हे काम केलं. बाटली कधी आडवी ठेवायची, कधी उभी करायची, बूच कसं काढायचं, प्याला किती भरायचा, सगळं तो नाकानं आणि डोळ्यांनी शिकला. पाहुणे चेष्टेनं म्हणत, "फकरू, एकदा चाखून तर बघ." तो मान लववून उत्तर देई, "हुजूर, नाकाला मनाई नाही, जिभेला आहे."

संस्थान विलीन झालं, मागोमाग जहागिरी गेल्या आणि देवडीतली माणसं दाही दिशांना पांगली. निघायच्या दिवशी सरकारांनी त्याला तळघरात बोलावलं. मोठ्या फडताळात एकच बाटली आडवी पडली होती. अडतीस साली विलायतेहून परतताना सरकार इटलीत उतरले होते, तेव्हा आणलेल्या बारांतली ही बारावी. बरोलो नावाच्या मुलखातली तांबडी वाइन. तीही गावभरची द्राक्षं एकत्र करून केलेली नव्हे. एका टेकडीच्या एका उतारावरच्या एकाच मळ्यातली. बाकीच्या अकरा फकरुद्दीननं स्वतःच्या हातानं उघडल्या होत्या, आणि अकराही वेळा सरकारांनी तोच शेरा मारला होता, की चांगली आहे, पण अजून पोर आहे.

त्या अकरा बाटल्यांबरोबर दोघांचा एक खेळही चाले. बूच निघालं की सरकार ते फकरुद्दीनच्या नाकाशी धरत. "सांग, कशाचा वास?"

"गुलाबाचा, सरकार. दर्ग्यातल्या चादरीवर वाळून गेलेल्या गुलाबाचा."

"बरोबर. आणि दुसरा?"

दुसरा वास फकरुद्दीनला लागे, पण त्याला नाव सापडत नसे. काहीतरी काळं, दाट, उन्हात तापलेलं. तो अत्तरं आठवे, मसाले आठवे, जिनगराच्या दुकानातलं चामडं आठवे. यातलं काहीच जुळत नसे. सरकार हसत. "मला माहीत आहे, पण सांगणार नाही. तुझा तू शोध." अकरा बाटल्या संपल्या, तरी त्याला ते नाव सापडलं नव्हतं.

"ही ठेव," सरकार त्या दिवशी तळघरात म्हणाले. "हिला अजून दहा वर्षं हवीत. माझ्याकडं आता तळघर राहणार नाही. मी येईन तेव्हा उघड."

"अमानत, सरकार," फकरुद्दीन म्हणाला आणि बाटली त्यानं दोन्ही हातांत घेतली. ठेवायला दिलेली वस्तू जशीच्या तशी परत करायची, हा त्याच्या लेखी नमाजाइतकाच पक्का मामला होता.

आपल्या गावी, नळदुर्गला, परतल्यावर पहिली अडचण घरातच निघाली. त्याची बायको सायराबी दारात आडवी उभी राहिली. "हमारे घर में नको," तिनं एवढंच सांगितलं. जिथं पाच वेळा जानमाज अंथरला जातो तिथं ही बाटली येणार नव्हती, आणि तिचं चुकलं असं फकरुद्दीनलाही म्हणवेना. मग तो गेला धोंडीबाकडं. धोंडीबा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, गावाला लागून त्याची बागाईत आणि जिराईत मिळून बरी जमीन. त्याच्या परसात ज्वारी साठवायची दोन पेवं होती: कठीण मुरमात पुरुषभराहून खोल खणलेली, आत रांजणासारखी फुगलेली आणि वर गळ्यासारखी निमुळती. थोरलं दरवर्षी भरे. धाकट्यात एके साली पाणी झिरपलं, तेव्हापासून ते रिकामंच पडलं होतं. आत अंधार, गारवा, ना कंप ना धक्का. इटलीच्या राजालाही याहून बरं तळघर मिळालं नसतं.

"एकाच तुकड्यातली म्हंजी आमच्या टेकाडावानी," धोंडीबा बाटली फिरवून बघत म्हणाला. टेकाडाच्या तुकड्यातली ज्वारी तो कधी दुसऱ्या रानाच्या ज्वारीत मिसळू देत नसे. त्या भाकरीला चव वेगळी, असं तो म्हणे, आणि खाणाऱ्यालाही ते पटे. त्यामुळं जी गोष्ट हैद्राबादच्या भल्या भल्या पाहुण्यांना समजावून सांगावी लागे, ती धोंडीबाला एका दमात कळली. दोघांनी पेवाच्या भिंतीत छातीइतक्या उंचीवर कोनाडा खोदला, बाटली आडवी ठेवली आणि तोंड वीट-मातीनं लिंपून टाकलं. धोंडीबाची बायको मथुराबाई हिला मात्र काहीच सांगितलं नाही. तिचा थोरला भाऊ शिंदीपायी गेला होता, आणि तिच्यापुढं बाटलीचं नाव काढायची दोघांचीही छाती नव्हती. दरसाल दिवाळीच्या सुमारास फकरुद्दीन कंदील घेऊन पेवात उतरे, लिंपण चाचपून बघे आणि वर येई. विचारलं तर धोंडीबा सांगे, पेवात पाणी येतंय का ते बघतोय. दहा वर्षं ही थाप खपली, हेच नवल.

एकोणसाठ सालच्या एप्रिलात एका शनिवारी कार्ड आलं. फकरुद्दीनचं सडकेला चहाचं हॉटेल होतं. चुलीपुढं उभं राहूनच त्यानं ते वाचलं. सरकारांचं अक्षर आता थरथरत होतं. 'गुरुवारी दुपारी मोटारीनं सोलापूरला जातोय, तिथून रेल्वेनं मुंबई. गळ्याचं ऑपरेशन आहे. नळदुर्गला तासभर थांबेन. ती असेल तर उघड. दारूबंदी आहे, पण पिण्याचा परवाना माझ्याकडे आहे. ऑपरेशननंतर मला असलं काही पिता येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत.'

फकरुद्दीननं चूल विझवली. दूध तसंच ठेवलं. गिऱ्हाइकं बाकावर बसलेली, त्यांना त्यानं सांगितलं, "आज बंद." आणि तो धोंडीबाच्या घराकडं निघाला. मनात त्यानं हिशेब मांडला होता. बाटली दहा वर्षं आडवी आहे, तळाशी गाळ साचला असणार. दोन दिवस तरी तिला उभी करून ठेवली पाहिजे, म्हणजे गाळ बुडाशी बसेल. आज काढली की पाच दिवस मिळतात.

परसात आल्यावर तो जागीच थांबला. धाकट्या पेवाच्या तोंडावर शिळा बसली होती आणि तिच्यावर शेण-मातीचं ताजं लिंपण होतं.

धोंडीबा गोठ्याजवळ उभा होता. फकरुद्दीनला बघताच त्याची नजर खाली गेली. "औंदा ज्वारी लई झाली," तो म्हणाला. "थोरल्यात मावंना. म्या जळकोटला लेकीकडं व्हतो आठ दीस, तवर हिनं धाकटं डागडुजी करून घेतलं आन भरून टाकलं. आत सगळा कडबा लावलाय. टेकाडाची ज्वारी हाय त्यात."

"आन मला सांगितलं न्हाईस."

"श्रावणात पेव उघडणारच व्हतो की. तवर बाटली कुठं पळून जाती, म्हटलं."

"बाटली न्हाय पळत," फकरुद्दीन म्हणाला. "सरकार चाललेत." आणि त्यानं कार्ड वाचून दाखवलं.

"कसली बाटली?"

मथुराबाई सूप हातात घेऊन मागच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. दोन म्हाताऱ्यांनी गुन्हेगारासारखं एकमेकांकडं बघितलं. मग फकरुद्दीन पुढं झाला. त्यानं काही झाकलं नाही. बाटली कसली, कुणाची, कधीपासून, सगळं सांगितलं.

"दारू," मथुराबाई म्हणाली.

"व्हय, वैनी."

"माझ्या पेवात."

"व्हय."

"धा वर्सं." तिनं सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याकडं बघितलं. "आन तुमाला ठावं व्हतं." धोंडीबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. साठीला आलेला माणूस, पण त्या घडीला त्याला बघून कुणालाही कीव आली असती.

"दोष माझा हाय, वैनी," फकरुद्दीन म्हणाला. "वस्तू वाईट असंल. म्या तिला कधी तोंड लावलं न्हाय, लावणार बी न्हाय. पर ती माझी न्हाय. ज्यानं इस्वासानं दिली त्येच्या हातात गेल्याबिगर मला मरायची बी मोकळीक न्हाय. पेव फोडायचं म्हंजी तुमच्या वर्साच्या खाण्याला हात लावायचा. तुमी न्हाय म्हणालात तर म्या मुकाट्यानं जाईन. पर इचारल्याबिगर जाणार न्हाय."

मथुराबाईनं पेवाच्या लिंपणावरून हात फिरवला. स्वतःच्या हातानं तिनं ते सारवलं होतं. अवेळी फोडलेल्या पेवात हवा शिरते, पोरकिडे होतात, ज्वारीला कुबट वास येतो. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"आईनं मरताना तिच्या पाटल्या माझ्या भावाकडं ठिवायला दिल्या व्हत्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी. त्या त्यानं पिऊन टाकल्या. मला पाटल्यांचं काय न्हाय. पर ठिवायला दिल्यालं त्यानं परत दिलं न्हाय, ते अजून उठवतं मला झोपंतनं." तिनं पदर खोचला. "एका बाटलीपायी तरी कुणाचं दिल्यालं परत जाऊंद्या. फोडा पेव. पर माझ्या अंगणात ती उघडायची न्हाय. आन काढल्याली ज्वारी वाळवून परत भरायची ती तुमी दोघांनीच. गडी लावायचा न्हाय."

लपवाछपवी दोघांची होती, तेव्हा शिक्षाही दोघांना सारखी झाली.

त्याच दुपारी त्यांनी लिंपण फोडून शिळा सरकवली. आतून कढत, आंबूस वाफ तोंडावर आली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाव कुणी काढत नाही. बंद पेवातली हवा माणसाला गपकन आडवा करते, आणि त्यानंतर हाक मारायलाही तो उरत नाही. शनिवारी आणि रविवारी तोंड उघडं ठेवलं. दर दोन तासांनी फकरुद्दीन हॉटेल सोडून येई आणि दोरीला बांधलेलं घोंगडं आत खालीवर हलवून हवा बाहेर काढी. सोमवारी सकाळी त्यांनी कंदील सोडला. ज्वारीला टेकायच्या आत तो विझला. पुन्हा घोंगडं हलवलं, पुन्हा कंदील सोडला; या खेपेला ज्योत बारीक झाली, पण टिकली. तिसऱ्या खेपेला ती सरळ उभी राहिली, तेव्हा फकरुद्दीननं कमरेला दोर बांधला.

"म्या उतरतो," धोंडीबा म्हणाला.

"अमानत माझ्याकडं दिली व्हती. तू दोर धर."

तो भरत होता, धोंडीबा टोपल्या ओढत होता, मथुराबाई अंगणात ज्वारी पसरत होती. दर वीस टोपल्यांनंतर कंदील पुढं जाई, मग माणूस. कुसळं अंगभर टोचत होती आणि घामानं डोळे चुरचुरत होते. दुपार टळायच्या सुमाराला फकरुद्दीनच्या हाताला कडब्यामागची वीट लागली. त्यानं लिंपण नखांनी काढलं. बाटली होती. ज्या कुशीवर ठेवली होती त्याच कुशीवर.

हात लावताच त्याला धसका बसला. ती कोमट होती. नवी ज्वारी पेवात उबते, आणि तिनं बाटलीलाही ऊब दिली होती. वर येऊन त्यानं ती उन्हाकडं न करता सावलीतल्या उजेडाकडं धरली. गळ्यात वाइन बोटभर उतरली होती, पण बूच जागेवर होतं, गळती नव्हती. आत काय झालंय ते मात्र उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उघडून परत ठेवायची ही वस्तू नव्हती. तीन दिवस हा काटा त्याच्या मनात राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटते म्हणून तो एकही काम अर्धवट सोडायला तयार नव्हता.

हॉटेलामागच्या खोलीत, जिथं नमाज होत नसे, त्यानं रांजणात ओली वाळू भरून बाटली तिच्यात उभी केली. वरून ओलं पोतं. दर तासाला पोत्यावर पाणी, पण रांजणाला धक्का म्हणून नाही. ही वाइन बर्फासारखी गार करायची नसते, तशी नळदुर्गच्या एप्रिलात तापूही द्यायची नसते. सुरईतल्या पाण्याहून किंचित कमी गार, हे तिचं माप. सायराबी दारातून बघत होती. बुधवारी तिनं आपण होऊन विचारलं, "अजी, त्यांना खायला काय लागतं त्याच्यासंगं?"

"मटण. सावकाश शिजवल्यालं. मिरची नको. मिरचीनं ही मरती."

"बिगर मिरचीचं मटण," सायराबी म्हणाली. तिच्या स्वरात सरकारांबद्दल खरी सहानुभूती होती.

गाळ वेगळा करायला काचेचं भांडं हवं होतं. हॉटेलात गोळ्या-बिस्किटांची बरणी होती, ती त्यानं सोड्यानं तीनदा धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि वीस वेळा हुंगली. देवडीतला पातळ काचेचा देठाचा एक प्याला आणि बूच काढायचा स्क्रू त्यानं फलालीत गुंडाळून दहा वर्षं जपला होता. सगळं जमलं. उरली जागा. मथुराबाईच्या अंगणात नको, सायराबीच्या घरात नको, आणि हॉटेलसमोर तर बांधकाम खात्यानं उच्छाद मांडला होता. जुन्या खडीच्या सडकेवर पहिल्यांदाच डांबर पडत होतं. पिंपं फुटत होती, भट्ट्या पेटल्या होत्या, दिवसभर काळा धूर. हैद्राबादचे सिमेंटचे रस्ते झाडल्यासारखे स्वच्छ असत. त्यांच्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला ही घाण सोसवेना. असल्या वासात कुणी वाइन हुंगायची? त्यानं सडकेपासून दोन फर्लांगांवर, किल्ल्याच्या बाजूला एक मोठी चिंच निवडली. वारा पश्चिमेचा, भट्ट्या पूर्वेला. धूर उलट्या दिशेनं जाणार होता. तरी त्यानं दोनदा चिमूटभर धूळ उडवून खात्री केली.

गुरुवारी सकाळी दहाला त्यानं चिंचेखाली टेबल मांडलं, धुतलेली चादर घातली आणि सायराबीनं दिलेला मटणाचा डबा ठेवला. ही वाइन उघडल्या उघडल्या पिण्याची नव्हे. इतकी वर्षं कोंडलेली, तिला तासभर श्वास घेऊ द्यावा लागतो. अकरा वाजता त्यानं मेणबत्ती लावली आणि स्क्रू फिरवायला घेतला. बूच जुनं, ठिसूळ. अर्ध्यावर त्याची कड निखळली. फकरुद्दीननं दम धरला, स्क्रू तिरका करून पुन्हा रोवला, आणि गव्हाच्या दाण्याइतकं सरकवत, थांबत, सरकवत ते बाहेर काढलं.

मग त्यानं ते नाकाशी नेलं.

शिरका नव्हता. पहिल्या श्वासालाच कळलं, आंबली नव्हती. गुलाब होता, वाळलेला, दर्ग्यातल्या चादरीवरचा. त्याचा जीव भांड्यात पडला. आणि लगोलग त्याला संताप आला, कारण गुलाबाच्या मागोमाग डांबराचा वास आला. वारा फिरला होता तर! एवढं सगळं करून ऐन वेळी वाऱ्यानं दगा दिला. त्यानं बांधकाम खात्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि वाकून धूळ उचलली.

धूळ सडकेकडंच गेली. वारा पश्चिमेचाच होता. दूर पूर्वेला धुराचा पट्टा किल्ल्याकडं पाठ करून चालला होता.

फकरुद्दीननं हाताची धूळ झटकून बूच वर धरलं. मग त्यानं पुन्हा हुंगलं. काळं, दाट, उन्हात तापलेलं. वीस वर्षं तो अत्तरांत आणि मसाल्यांत शोधत होता, आणि ते त्याच्या हॉटेलसमोर पिंपांनी उकळत होतं. तो एकटाच मोठ्यानं हसला. सरकार आले की आधी हेच सांगायचं, त्यानं ठरवलं. मेणबत्तीच्या उजेडात बाटलीचा गळा धरून त्यानं बारीक धारेनं वाइन बरणीत ओतली आणि गाळाची पहिली काळी रेघ गळ्याशी आली तिथं हात थांबवला. हात जराही हलला नाही.

साडेबाराला मोटार आली. ड्रायव्हर शरणप्पानं सरकारांना हाताला धरून उतरवलं. उंच माणूस वाकून गेला होता, आणि एप्रिलच्या उन्हात त्याच्या गळ्याला मफलर होता. फकरुद्दीननं मुजरा केला. सरकारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण बोलले नाहीत. खुर्चीत बसले, बाटलीवरचं लेबल वाचलं, बरणीकडं बघून हसले. फकरुद्दीननं प्याला एक तृतीयांश भरला. त्याहून जास्त भरायचा नसतो. वर वासाला जागा लागते. सरकारांनी प्याला तिरका करून चादरीच्या पांढऱ्यावर रंग बघितला. मधे तांबडी, कडेला विटेसारखी. त्यांनी मान डोलावली आणि एक घोट घेतला.

फकरुद्दीन त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होता. अकरा बाटल्या त्यानं हा चेहरा बघितला होता. आज त्यावर काहीच उमटलं नाही.

सरकारांनी प्याला खाली ठेवला आणि मफलर सोडला. गळ्याच्या खोबणीत चांदीची छोटी नळी बसवलेली होती. तिच्यावर बोट दाबून ते बोलले, तेव्हा आवाज फाटक्या कागदासारखा आला. "श्वास आता इथून, फकरू. नाकातून वारा जात नाही. दोन महिने झाले. वास नाही, म्हणून चवही नाही. ओलं आहे, एवढंच कळतं." ते थांबले. "मला माहीत होतं. तरी वाटलं, हिला तरी ओळखेन. परवा ते आवाजही काढून घेणार आहेत."

फकरुद्दीनला वाटलं, आपण इथंच खाली बसून रडावं. दहा वर्षं, फोडलेलं पेव, मथुराबाईची ज्वारी, सायराबीचं मटण, सगळं घेऊन तो एका बंद दारापाशी आला होता. अमानत पोचली होती आणि पोचून तिचा काही उपयोग नव्हता. मग त्याला स्वतःचाच राग आला. वस्तू हातात दिली म्हणजे काम झालं, असं आबदाराचं काम नसतं.

त्यानं प्याला उचलला, हळूच गोल फिरवला आणि नाक आत घातलं.

"गुलाब आहे, सरकार. वाळलेला. पण पहिल्या अकरांत होता त्याहून जुना. उरुस होऊन महिना झाला, तरी चादर कुणी काढली नाही, तसा."

सरकारांनी पुढं बोलायची खूण केली.

"आणि दुसरा वास आपण मला शोधायला सांगितला होता. आज सापडला. डांबर, सरकार. आमच्या सडकेवर उकळतंय ते."

सरकारांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. हसण्याचा आवाज नळीतून शिट्टीसारखा बाहेर पडत होता. त्यांनी बोट दाबलं. "वीस वर्षं," ते म्हणाले. "वीस वर्षं लागली तुला, गाढवा. बरोबर आहे. डांबरच." डोळे पुसून त्यांनी पुन्हा बोट दाबलं. "आणि जिभेवर?"

प्याला त्याच्या हातात होता. एक घोट घेतला असता तर उत्तर मिळालं असतं. बघायला शरणप्पा होता, तोही मोटारीपाशी पाठ करून उभा. सरकारांनी मात्र त्याच्या हाताकडं बघून मान हलवली. फकरूनं ती चाखावी हे त्यांना नको होतं.

फकरुद्दीननं प्याला त्यांच्या हातात परत दिला. "जिभेचं मला माहीत नाही, सरकार. पण मी अकरा वेळा आपला चेहरा बघितलाय. तो मला पाठ आहे. आपण घोट घ्या, मी सांगतो."

सरकारांनी घोट घेतला.

"आता गिळू नका, थांबा. पहिल्यांदा ही आपल्याला आवळते. कच्च्या जांभळानं आवळावं तशी, आधी डाव्या बाजूला. आपला डावा गाल तेवढाच आत जातो, उजवा नाही. मग आपण भुवई उचलता, जसं काही कुणी उद्धट बोललं. मग ती सैल होते. आपले खांदे खाली येतात. त्या वेळी पाहुणे काही विचारत असले तरी आपण उत्तर देत नाही, खिडकीबाहेर बघता. देवडीच्या त्या खिडकीतून निंब दिसायचा. आपण निंबाकडं बघत असायचा आणि तोंडात अजून तोच घोट असायचा. मी मनात आकडे मोजायचो. बावीसपर्यंत जायचो, तेव्हा आपण गिळायचा."

सरकारांनी डोळे मिटले होते. वाऱ्यानं चिंचेची पानं चादरीवर पडत होती. फकरुद्दीन पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, या खेपेला अगदी सावकाश: आवळते, आधी डाव्या बाजूला, कच्च्या जांभळासारखी.

आणि सरकारांचा डावा गाल आत गेला. मग भुवई उचलली गेली. खांदे खाली आले. त्यांनी मान वळवून किल्ल्याकडं तोंड केलं आणि ते तसेच बसून राहिले.

फकरुद्दीन मनात मोजत होता. बावीस झाले, तेव्हा त्यांनी गिळलं आणि भरायला प्याला पुढं केला.